कर्नल थ्रेड आणि कोअरची वाटणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. दिवसा सर्व्हर सांभाळतो आणि कुणी बोलावलं तर संध्याकाळी गाण्याच्या बैठकी रेकॉर्ड करून देतो. दोन्हीकडे लिनक्सच. "कर्नलचे थ्रेड माझ्या कोअरवरून हाकलायचे कसे?" हे कॉलेजातली पोरं विचारतात, ध्वनिमुद्रणवाले विचारतात, आणि मागच्या महिन्यात एका लग्नात हातात श्रीखंडाची वाटी असताना एका गृहस्थांनीही विचारलं. तीच उत्तरं किती वेळा द्यायची, म्हणून इथे लिहून ठेवतोय. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग, आणि थ्रेड म्हणजे त्यावर चालणारी कामाची एक धार. आज्ञांची नावं फोनवर सांगतो तशीच, देवनागरीत लिहिली आहेत.

कर्नल थ्रेड म्हणजे नक्की काय?

कर्नल स्वतःच्या कामासाठी चालवतो तो थ्रेड. त्याला वापरकर्त्याच्या बाजूची मेमरी नसते, तो कायम कर्नलच्याच हद्दीत चालतो. पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी आज्ञा) लावलंत की चौकोनी कंसात नावं दिसतात ती ही मंडळी. त्यांचा बाप के-थ्रेड-डी, क्रमांक २. क्रमांक १ म्हणजे इनिट किंवा सिस्टमडी, मशिन चालू झाल्यावरचा पहिला प्रोग्रॅम. शेड्यूलर म्हणजे कुणी कधी आणि कुठल्या कोअरवर चालायचं ते ठरवणारा कर्नलचा भाग. त्याच्या लेखी मात्र ते तुमच्या प्रोग्रॅमच्या थ्रेडसारखेच असतात: त्यांना प्राधान्य असतं, आणि कुठल्या कोअरवर चालायची मुभा आहे ती यादीही असते. प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती फाइलींसारखी दाखवणाऱ्या फोल्डरातल्या) त्या क्रमांकाच्या स्टेटस फाइलीत "सीपीयूज अलाउड लिस्ट" अशी ओळ असते, तीच ही यादी.

शेड्यूलर हुशार आहे ना? मग आपण मध्ये लुडबुड कशाला करायची?

शंभरातल्या नव्वद जणांनी करूच नये. वेबसाइट, डेटाबेस, घरचा फाइल सर्व्हर, कुठेही याची गरज पडत नाही. एकूण काम किती उरकलं हेच बघायचं असेल तर शेड्यूलर तुमच्यापेक्षा चांगली वाटणी करतो, आणि हातानं बांधलेली वाटणी उलट काम मंदावते.

पण काही कामांत सरासरीला अर्थ नसतो. एका कोजागरीच्या बैठकीचं रेकॉर्डिंग करत होतो. ४८ किलोहर्ट्झ, बफर ६४ नमुन्यांचा. म्हणजे दर १.३३ मिलिसेकंदाला प्रोग्रॅमनं पुढचा घास घेतलाच पाहिजे. मशिन जेमतेम पाच टक्के व्यस्त. बाई विलंबित गात होत्या, समेनंतर क्षणभर फक्त तानपुरा उरला, आणि हेडफोनमध्ये "टक्". पुढच्या वीस मिनिटांत आणखी तीनदा तेच. घरी येऊन बघतो तर साउंड कार्डाच्या यूएसबी कंट्रोलरचा इंटरप्ट (उपकरणानं प्रोसेसरला मारलेली हाक) आणि नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट एकाच कोअरवर. रात्रीचा बॅकअप मीच साडेनऊला लावून ठेवला होता. पॅकेटांची लाट आली की तो कोअर दोन-तीन मिलिसेकंद अडकायचा. बाकी पंधरा लॉजिकल प्रोसेसर (लिनक्सला दिसणारे प्रोसेसर, माझ्या मशिनमध्ये एका कोअरचे दोन) जांभया देत होते, त्याचा उपयोग शून्य.

अशा कामांसाठी कोअरचे दोन गट पाडतात. एका गटावर घरकाम: कर्नलची उठाठेव, इंटरप्ट, बॅकअप. दुसऱ्या गटावर फक्त तुमचा प्रोग्रॅम. पुढचं सगळं या दुसऱ्या गटात शांतता कशी ठेवायची याबद्दल आहे.

चौकोनी कंसातली ती शेकडो नावं ओळखायची कशी?

नावातली तिरकी रेघ बघा. रेघेनंतर नुसता आकडा असेल तर बहुधा तो त्या क्रमांकाच्या प्रोसेसरचा थ्रेड असतो. के-सॉफ्टआयआरक्यू-डी/३ हा प्रोसेसर ३ चा, मायग्रेशन/३ हाही ३ चा, सीपीयू-एचपी/३ सुद्धा.

के-वर्कर म्हणजे कर्नलची किरकोळ कामं उरकणारे कामगार थ्रेड. त्यांची नावं लोकांना सगळ्यात जास्त चकवतात. के-वर्कर/३:१ म्हणजे प्रोसेसर ३ ला बांधलेला, १ क्रमांकाचा कामगार. शेवटी एच असेल तर तो वरच्या प्राधान्याचा. पण के-वर्कर/यू१६:२ मधला १६ हा प्रोसेसरचा आकडा नाही! यू म्हणजे अनबाउंड, मोकळा. १६ हा कामगारांच्या ताफ्याचा क्रमांक. एका मुलानं "माझ्या मशिनला १६ नंबरचा प्रोसेसरच नाही, मग हा कुठे चालतो?" असं घाबरून विचारलं होतं. कर्नलच्या २०१८ च्या ४.१८ आवृत्तीपासून नावापुढे कामाच्या रांगेचं नावही दिसतं, के-वर्कर/३:१-इव्हेंट्स असं. त्यामुळे कोण कुणाचं काम करतोय याचा अंदाज येतो.

के-स्वॅप-डी०, के-कॉम्पॅक्ट-डी० यांच्या शेवटचं शून्य प्रोसेसरचं नसून मेमरीच्या नोडचं असतं (नोड म्हणजे काही प्रोसेसर आणि त्यांच्या जवळची मेमरी यांचा गट). आयआरक्यू/१२९-अमुक असं दिसलं तर १२९ हा इंटरप्टचा क्रमांक. आरसीयू-ओपी/३ किंवा आरसीयू-ओएस/३ दिसले तर ते प्रोसेसर ३ चं आरसीयूचं (जुना डेटा सगळ्यांचा वाचून झाल्यावरच टाकून देण्याच्या कर्नलच्या पद्धतीचं) काम करतात, पण स्वतः त्याच प्रोसेसरवर बसायला बांधील नसतात. कशासाठी ते पुढे येईल.

मी रूट आहे, तरी टास्कसेट "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" म्हणतं. का?

टास्कसेट म्हणजे थ्रेडची कोअरची यादी बदलणारी आज्ञा. ती नकार देते, कारण कर्नलनं तो थ्रेड बांधून टाकलाय. कर्नलमध्ये के-थ्रेड-बाइंड वापरून थ्रेड बांधला की त्याच्यावर "नो सेट-ॲफिनिटी" असा शिक्का बसतो, आणि मग रूट असा की रूटचा आजोबा, बाहेरून यादी बदलता येत नाही. सीग्रुपमधून (प्रोसेसचे गट करण्याची कर्नलची सोय) हलवायला गेलात तरी हेच उत्तर.

लग्नाच्या पंगतीत काही वाढपी एकेका पंगतीला नेमलेले असतात. तिसऱ्या पंगतीच्या वाढप्याच्या बादलीत तिसऱ्या पंगतीची आमटी. त्याला पाचवीत पाठवून चालत नाही, तिसरी उपाशी राहील. लिंबू-मीठ घेऊन फिरणारे मात्र मोकळे, त्यांना "त्या ओळीत जाऊ नका" सांगता येतं. के-सॉफ्टआयआरक्यू-डी/३ हा पहिल्या जातीचा: प्रोसेसर ३ वर साठलेलं काम प्रोसेसर ३ वरच उरकायचं असतं, कारण त्याचा डेटा त्या प्रोसेसरच्या खात्यात असतो. के-स्वॅप-डी दुसऱ्या जातीचा, त्याला टास्कसेट लागू पडतं.

एक अपवाद लक्षात ठेवा, यात जाणतेही फसतात. यू वाला के-वर्कर मोकळा म्हणवतो, पण त्याच्यावरही तोच शिक्का असतो. त्याला टास्कसेटनं हलवता येत नाही. त्याची यादी सिसमध्ये (प्रॉकसारखंच, कर्नलच्या सेटिंगचं फोल्डर), डिव्हायसेस-व्हर्च्युअल-वर्कक्यू या फोल्डरातल्या सीपीयू-मास्क फाइलीत लिहायची. तिथे एकदा लिहिलं की सगळ्या मोकळ्या ताफ्यांना लागू होतं.

मग बांधलेल्या थ्रेडांचं काय करायचं? ते तर माझ्या कोअरवरच राहणार!

राहू द्या. बांधलेला थ्रेड तिथे असण्यानं काहीही बिघडत नाही. तो झोपलेला असेल तर त्याची किंमत काही किलोबाइट मेमरी, बस्स. तो जागा होतो तेव्हा त्रास. म्हणून थ्रेडमागे न लागता त्याला उठवणारं काम शोधायचं आणि ते काम दुसरीकडे न्यायचं. पंगतीत पानंच मांडली नाहीत तर वाढपी आपोआप भिंतीला टेकून उभा राहतो.

के-सॉफ्टआयआरक्यू-डी घ्या. हा कधी उठतो? इंटरप्ट आला की त्याचं उरलेलं काम कर्नल बहुतेकदा तिथल्या तिथे उरकतो. ते काम दोन मिलिसेकंदांत किंवा दहा फेऱ्यांत संपलं नाही तरच उरलेली पाटी या थ्रेडकडे येते. म्हणजे तो टॉप या आज्ञेच्या यादीत वर दिसायला लागला तर गुन्हेगार तो नसून त्या कोअरवर येणारे इंटरप्ट आहेत. प्रॉक-आयआरक्यू मधल्या त्या त्या क्रमांकाच्या एसएमपी-ॲफिनिटी-लिस्ट फाइलीत घरकामाच्या कोअरची यादी लिहा. आणि आयआरक्यू-बॅलन्स ही इंटरप्ट आपोआप वाटणारी सेवा चालू असेल तर आधी तिला तुमचे कोअर वर्ज्य आहेत असं सांगा, नाहीतर तुम्ही हलवलेलं ती दहा सेकंदांनी पुन्हा हलवते आणि तुम्ही स्वतःच्या टंकलेखनावर शंका घेत बसता.

एनव्हीएमई डिस्कचे इंटरप्ट हलवायला गेलात तर बहुधा चूक दाखवली जाईल, कारण ते कर्नल स्वतः वाटतो. त्याची फार काळजी नको. त्या डिस्कची प्रत्येक प्रोसेसरला वेगळी रांग असते. तुमच्या कोअरवरून कुणी डिस्कला हात लावला नाही तर त्या रांगेचा इंटरप्ट येतच नाही.

टायमरची गोष्ट गमतीची आहे. काही टायमर स्वतःला पुन्हा पुन्हा त्याच प्रोसेसरवर लावून घेतात, बूट होताना जिथे लागले तिथेच वर्षभर. उपाय: तो प्रोसेसर ऑफलाइन करून पुन्हा ऑनलाइन करायचा. ऑफलाइन होताना त्याचं बिऱ्हाड दुसरीकडे जातं आणि परत येत नाही. ऐकायला दिवे बंद-चालू करण्यासारखं वाटतं, पण हा उपाय कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजात दिलेला आहे.

आरसीयूसाठी बूट करताना आरसीयू-एनओसीबीज देऊन कोअरची यादी द्यायची. मग त्या कोअरची आरसीयूची उरलीसुरली कामं वर सांगितलेल्या आरसीयू-ओपी थ्रेडांकडे जातात, आणि ते थ्रेड घरकामाच्या गटात टास्कसेटनं बसवता येतात. लॉकअप (कोअर अडकून पडणं) पकडणाऱ्या वॉचडॉगला सिसकंट्रोल या सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेमधून वॉचडॉग-सीपीयू-मास्क देऊन तुमच्या कोअरपासून दूर ठेवता येतं.

राहता राहिला बांधलेला के-वर्कर. त्याला कोण काम देतंय हे नावातल्या रांगेवरून किंवा ट्रेस (कर्नलमधल्या घडामोडींची नोंद) लावून शोधायचं. बहुतेक वेळा कुठला तरी ड्रायव्हर असतो. तो ड्रायव्हर लागत नसेल तर काढून टाका. मी जुन्या मशिनमधलं एक मीडिया कार्ड उपसून काढलं तेव्हा कुठे दर सेकंदाची एक उचकी थांबली.

कोअर गटात घेताना कुठले घ्यायचे? शेवटचे दोन घेतले तर चालेल?

आधी एलएससीपीयू (प्रोसेसरची रचना दाखवणारी आज्ञा) लावा, मग ठरवा. माझं रेकॉर्डिंगचं मशिन रायझेन ७ ५७००एक्स आहे: ८ कोअर, १६ लॉजिकल प्रोसेसर. लिनक्स त्यात ० आणि ८ यांना एकाच कोअरची जुळी भावंडं म्हणतो; १ आणि ९, २ आणि १०, असं ७ आणि १५ पर्यंत. शेवटचे दोन म्हणून १४ आणि १५ घेतले असते तर त्यांची भावंडं ६ आणि ७ घरकामाच्या गटात राहिली असती, आणि एकाच चुलीवर दोन पातेली चढली असती. म्हणून मी ६, ७, १४, १५ असा गट केला. १४ आणि १५ वर तर काहीच चालवत नाही, रिकामेच ठेवलेत.

इंटेलच्या बऱ्याच मशिनांत ० आणि १ जुळी असतात. त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा बघून नातं ठरवू नका. सिसमध्ये प्रत्येक प्रोसेसरच्या टोपोलॉजी फोल्डरात थ्रेड-सिब्लिंग्ज-लिस्ट असते, ती वाचा. इंटेलच्या १२ व्या पिढीपासून मोठे आणि छोटे असे दोन जातींचे कोअरही एकाच चिपवर येतात. घरकाम छोट्यांकडे, तुमचं काम मोठ्यांकडे. दोन सॉकेटचा सर्व्हर असेल तर गट एकाच नोडमध्ये ठेवा आणि नेटवर्क कार्ड ज्या नोडला टोचलंय तोच नोड निवडा.

प्रोसेसर ० घरकामालाच ठेवा. वेळ मोजण्यासारखी कामं त्याच्याकडे जातात, आणि साध्या पीसीवर नोहर्ट्झ-फुल्लच्या (कोअरवरची टिकटिक, म्हणजे टायमरचा नियमित इंटरप्ट, थांबवणाऱ्या पर्यायाच्या) यादीत बूट करणारा प्रोसेसर घातलात तरी कर्नल तो वगळतो.

मास्क कसा लिहायचा?

मास्क म्हणजे प्रोसेसरची यादी एका आकड्यात. प्रत्येक प्रोसेसरला एक बिट, उजवीकडून शून्यापासून, आणि उत्तर सोळाच्या पायात. ० आणि १ म्हणजे ३. २ आणि ३ म्हणजे सी. माझे ६, ७, १४, १५ म्हणजे सी०सी०, आणि घरकामाचा उरलेला गट ३एफ३एफ.

टास्कसेटला उणे-पी देऊन १० लिहिलंत तर तो दहावा प्रोसेसर समजत नाही. ते १० सोळाच्या पायातलं, म्हणजे प्रोसेसर ४. साधे आकडे लिहायचे तर उणे-सी जोडायचं. ही चूक मी दोन वेळा केलीय, दुसऱ्यांदा तर लोकांसमोर.

आयसोल-सीपीयूज वापरू की सीपीयूसेट?

आयसोल-सीपीयूज हा बूटच्या वेळी द्यायचा जुना पर्याय. कर्नलच्या दस्तऐवजात त्यावर "त्यापेक्षा सीपीयूसेट वापरा" असा शेरा आहे, पण निम्मी दुनिया अजून तोच वापरते. तो शेड्यूलरच्या वाटणीतून ते कोअर बाहेर काढतो. इथेच सापळा आहे. बाहेर काढल्यामुळे त्या कोअरमध्ये आपसातही भार वाटला जात नाही. तुम्ही आठ थ्रेडांचा प्रोग्रॅम चार आयसोलेट केलेल्या कोअरवर सोडलात की आठही जण एकाच कोअरवर गर्दी करतात आणि बाकीचे तीन मोकळे. राजवाड्यासमोर दिवाळीत एका दुकानासमोर रांग आणि शेजारच्या दुकानात चिटपाखरू नाही, तसं. अशा वेळी प्रत्येक थ्रेड हातानं एकेका कोअरवर बसवावा लागतो.

सीपीयूसेट म्हणजे प्रोसेसच्या गटाला ठरावीक कोअर नेमून देण्याची सोय. तो २००५ च्या २.६.१२ पासून आहे. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत तो २०१९ मध्ये ५.० बरोबर आला. त्यात गटाला "रूट" विभाग केलात तर गटाच्या आत भारवाटप चालू राहतं, बाहेरचे आत येत नाहीत. ६.१ पासून "आयसोलेटेड" हाही प्रकार आहे, तो आयसोल-सीपीयूजसारखा वागतो आणि मशिन चालू असताना बदलता येतो. मला हाच आवडतो. बैठकीच्या दिवशी गट वेगळा करायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे सोळा प्रोसेसर व्हिडिओच्या कामाला.

नोहर्ट्झ-फुल्ल मात्र अजून बूटच्या ओळीतच द्यावा लागतो. त्यानं तुमच्या कोअरवरची ठरावीक टिकटिक थांबते, पण कोअरवर एकच चालू थ्रेड असेल तेव्हाच. आरसीयूचं ओझंही तो आपोआप उतरवतो. सिस्टम कॉल थोडे महाग होतात, म्हणून सतत कर्नलमध्ये ये-जा करणाऱ्या प्रोग्रॅमला तो तोट्याचा पडतो.

सगळं प्रोसेसर ० वर ढकललं तर बाकीचे पूर्ण मोकळे होतील ना?

मी करून पाहिलंय. इंटरप्ट, मोकळे के-वर्कर, आरसीयूचे थ्रेड, सगळं प्रोसेसर ० वर. दहा मिनिटं छान. मग डिस्कवर लिहिण्याचं काम साठत गेलं, कारण लिहून काढणारे के-वर्कर त्याच एका कोअरवर इंटरप्टांशी भांडत होते. रेकॉर्डरचा बफर भरला आणि फाइलीत चार सेकंदांचं भोक पडलं. त्या "टक्"पेक्षा हे वाईट. घरकामाला ऐसपैस कोअर द्या. आठ असतील तर निदान दोन पूर्ण कोअर, डिस्क आणि नेटवर्क जोरात असेल तर चार.

मी माझा थ्रेड फिफो ९९ वर सतत फिरत ठेवला, तर बांधलेले थ्रेड आपोआप गप्प बसतील?

फिफो म्हणजे रिअल-टाइम कामांची रांग, आणि ९९ तिथलं सगळ्यात वरचं प्राधान्य. गप्प बसतील, आणि मशिनलाही घेऊन बसतील. कर्नलमध्ये काही कामं अशी असतात की ती प्रत्येक प्रोसेसरच्या के-वर्करला एकेक चिठ्ठी देतात आणि सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत थांबतात. मेमरीच्या पानांची यादी रिकामी करणं हे त्यातलंच. तुमच्या कोअरचा के-वर्कर कधी चाललाच नाही तर ते थांबणं संपत नाही. १२० सेकंदांनी लॉगमध्ये "हंग टास्क"ची तक्रार येते, आणि ती येते भलत्याच, बिचाऱ्या प्रोग्रॅमच्या नावानं. हे होऊ नये म्हणून कर्नल मुळातच रिअल-टाइम कामांना दर सेकंदातले ०.९५ सेकंदच देतो. ती मर्यादा काढून टाका असा सल्ला जागोजागी मिळतो. तो घेऊ नका. ९९ वर जायचीही गरज नसते. ध्वनिमुद्रणाला ७०-८० पुष्कळ झालं.

इंटरप्टचे थ्रेड करून त्यांना प्राधान्य देता येतं का?

हो. बूटच्या ओळीत थ्रेड-आयआरक्यूज लिहा. मग बहुतेक इंटरप्टचं काम आयआरक्यू/क्रमांक-नाव अशा थ्रेडात चालतं, मुळात फिफो ५० वर. साउंड कार्डाचा थ्रेड तुमच्या प्रोग्रॅमच्या वर न्या, नेटवर्कचा खाली. तो कुठल्या कोअरवर चालेल ते मूळ इंटरप्टच्या यादीवरून ठरतं, म्हणून टास्कसेटऐवजी इंटरप्टच हलवा. पूर्ण रिअल-टाइम कर्नलमध्ये हे आपोआप असतं, आणि २०२४ च्या ६.१२ पासून तो पर्याय मुख्य कर्नलमध्येच आलाय. वेगळा पॅच शोधत हिंडायला नको.

जुन्या लेखातलं सगळं करून पाहिलं, पण माझ्या मशिनवर तसं दिसत नाही.

कर्नलची आवृत्ती बघा. के-वर्करचा आजचा सामायिक ताफा २०१० च्या २.६.३६ मध्ये आला; त्याआधी प्रत्येक रांगेचे स्वतःचे थ्रेड असायचे. ६.६ मध्ये मोकळ्या ताफ्यांची वाटणी मुळातच एकच कॅशे वापरणाऱ्या कोअरच्या गटांनुसार व्हायला लागली. २०२५ च्या ६.१४ मध्ये कर्नल थ्रेडांना "पसंतीचे कोअर" सांगायची सोय झाली: जमेल तोवर या नोडवर बस, तिथले सगळे प्रोसेसर बंद झाले तर दुसरीकडे चालेल. आधी प्रत्येक ड्रायव्हर हे आपापल्या परीनं, बहुधा चुकीचं, करायचा.

विंडोजमध्ये हे जमतं का?

प्रोग्रॅमसाठी जमतं. विंडोजचा मास्क ६४ बिटांचा, म्हणून विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ पासून त्यांनी प्रोसेसरचे ग्रुप आणले, एका ग्रुपात जास्तीत जास्त ६४ लॉजिकल प्रोसेसर. पूर्वी प्रोसेस मुळात एकाच ग्रुपात चालायची, त्यामुळे १२८ प्रोसेसरच्या मशिनवर प्रोग्रॅम निम्म्यावरच अडकलाय अशी तक्रार ऐकू यायची. विंडोज ११ आणि सर्व्हर २०२२ पासून प्रोसेस आपोआप सगळ्या ग्रुपांत पसरते. कर्नलचे थ्रेड मात्र क्रमांक ४ च्या सिस्टम प्रोसेसमध्ये असतात, त्यांना बाहेरून हलवायचा विचार सोडा. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं आतून ठरवायचं. तुमच्या हातात नेटवर्क कार्डाचं आरएसएस (आलेल्या पॅकेटांचं काम प्रोसेसरांत वाटणारी सोय) कुठल्या प्रोसेसरपासून सुरू व्हावं एवढं आहे, आणि तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

मॅक? फ्रीबीएसडी? सोलॅरिस?

मॅकवर कोअर बांधताच येत नाही. जुन्या इंटेल मॅकवर "हे थ्रेड जवळ ठेवा" अशी विनंती करता यायची, ॲपलच्या स्वतःच्या चिपवर तीही नाही. कामाचा दर्जा सांगायचा आणि सिस्टम ठरवेल ते मान्य करायचं. फ्रीबीएसडीत सीपीयूसेट ही एकच आज्ञा प्रोसेस, थ्रेड आणि इंटरप्ट तिन्हींना चालते, ते मला फार नीटनेटकं वाटतं. सोलॅरिसमध्ये पीएसआरसेट होतं, त्यात गटावरचे इंटरप्टही एका खुणेनं बंद व्हायचे.

क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशिनमध्ये केलं तर?

तुम्ही बांधाल ते खोट्या प्रोसेसरला. तो खरा कुठल्या कोअरवर चालतो हे खालच्या होस्टच्या (खऱ्या मशिनच्या) हाती, आणि होस्टनं त्याला बाजूला सारलं तर आतल्या तुमच्या सगळ्या मेहनतीला काही अर्थ नाही. होस्ट तुमचाच असेल तर आधी तिथे प्रत्येक व्हर्च्युअल प्रोसेसर खऱ्या कोअरवर बांधा, क्यूईएमयूचे (व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे) बाकीचे थ्रेड घरकामाच्या गटात टाका, मगच आत हात घाला.

रीबूट केल्यावर सगळं पुसलं गेलं.

प्रॉक आणि सिसमध्ये लिहिलेलं टिकत नाही. बूटचे पर्याय ग्रबमध्ये (मशिन बूट करणाऱ्या प्रोग्रॅमात), वॉचडॉगचा मास्क सिसकंट्रोलच्या फाइलीत, बाकीचं एका छोट्या सिस्टमडी सेवेत. नाहीतर ट्यून्ड ही सेटिंग लावणारी सेवा बसवा, त्यात सीपीयू-पार्टिशनिंग नावाची तयार प्रोफाइल आहे. कोअरची यादी दिली की यातलं बरंचसं काम ती करते. सर्व्हरवर मी तीच लावतो. रेकॉर्डिंगच्या मशिनवर हातानं, कारण तिथे मला प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते माहीत असायला हवं.

जमलं की नाही, हे कळायचं कसं?

टॉपकडे बघून कळत नाही. आधी प्रॉक-इंटरप्ट्सची एक प्रत काढा, दहा मिनिटांनी दुसरी, आणि तुमच्या कोअरच्या स्तंभातले आकडे वजा करून बघा. लोकल टायमरची ओळ हजारांनी वाढली असेल तर टिकटिक चालूच आहे. रीशेड्यूलिंगची ओळ वाढली असेल तर कुणीतरी तुमच्या कोअरवर थ्रेड उठवतंय.

मग सायक्लिकटेस्ट (ठरल्या वेळी जागं व्हायला किती उशीर होतो ते मोजणारा प्रोग्रॅम) त्या कोअरवर बांधून लावा. पण मशिन रिकामं ठेवून नाही! शेजारच्या गटावर डिस्क कॉपी, नेटवर्कवर मोठी फाइल, व्हिडिओ एन्कोडिंग, असं सगळं एकदम सोडा आणि निदान एक तास चालू द्या. सरासरीचा स्तंभ झाकून ठेवा, कमालचा वाचा. माझ्या मशिनवर वाटणीआधी कमाल आकडा २,८०० मायक्रोसेकंद होता, नंतर ४० च्या आत आला. ५.१४ पासून ओएस-नॉइज नावाचा ट्रेसर आहे, तो कुणी किती नॅनोसेकंद चोरले हे नावानिशी सांगतो. ट्रेसमध्ये कुणाचंच नाव नाही आणि तरी उचकी येतेय, असं असेल तर बायोस बघा. फर्मवेअरचा इंटरप्ट कर्नलला दिसत नाही, आणि त्यावर यातला एकही उपाय चालत नाही. वीज वाचवणाऱ्या खोल झोपेच्या अवस्थाही तिथूनच बंद करून पाहा.

तुमच्याकडे मशिन घेऊन आलो तर बघाल का?

रविवारी सकाळी, पोहे झाल्यावर या. येण्याआधी चार गोष्टी पाठवा: कर्नलची आवृत्ती, एलएससीपीयूचं पूर्ण उत्तर, बूटची ओळ, आणि दहा मिनिटांच्या अंतरानं काढलेल्या प्रॉक-इंटरप्ट्सच्या दोन प्रती. आणि रात्रीचा बॅकअप किती वाजता लावलाय तेही लिहा.